शांततेत उभी माणसं

त्या सकाळी ताई तळघरात उतरली ती शांतता आणायला.

ऐकून हसू येईल, पण रेडिओच्या नाटकात शांतताही कुठून तरी आणावी लागते. नुसता आवाज बंद केला, तर ऐकणाऱ्याला वाटतं आपला रेडिओच गेला, आणि तो बिचाऱ्या रेडिओला चार थपडा मारतो. म्हणून खोलीची शांतता वेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवतात. माईक चालू, माणसं जागच्या जागी स्तब्ध उभी, कोणी हूं की चूं करायचं नाही. ती शांतता मग संवादांच्या मधल्या जागांत भरायची, गादीत कापूस भरतात तशी.

नव्या स्टुडिओत हीच गोष्ट मिळत नव्हती. स्टुडिओ मोठा चकचकीत, पण थंड हवेचं यंत्र भिंतीत सारखं गुणगुणत असायचं. आणि दिग्दर्शकाला या वेळी शांतता हवी होती ती पोत्यांनी. हा दिग्दर्शक वयाने ताईपेक्षा बराच लहान. तालमीत दर दोन वाक्यांना "थांबा!" म्हणायची त्याला खोड, म्हणून पाठीमागे सगळे त्याला थांबा-साहेब म्हणत.

"ताई, अहो, ही कादंबरीच वाट बघण्याची आहे," तो हात जोडून म्हणाला होता. "राखणदार विचारतो आणि उत्तर येत नाही. श्रोत्यालाही तितकंच थांबू दे की!"

कादंबरी जुनी, कितीतरी पिढ्यांनी वाचलेली. आकाशात फार दूर, येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवणारा एक दिवा आहे आणि त्या दिव्यापाशी एकटा राखणदार. तो पृथ्वीला प्रश्न विचारतो. उत्तर यायला इतका वेळ लागतो, की वाट बघता बघता त्याचे केस पिकत जातात. दर आठवड्याला संध्याकाळी एक भाग, असं नाटक ठरलं होतं आणि आवाजांची सगळी जुळवाजुळव ताईकडे होती.

पायऱ्या उतरताना तिचा उजवा गुडघा नेहमीसारखा कटकन वाजला. तळघराला जुन्या फिती आणि ओलसर पुठ्ठ्याचा वास होता. कपाटाच्या मागच्या खणात तिला तो पत्र्याचा डबा सापडला. झाकणावर उस्तादांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: शांतता, मोठा स्टुडिओ.

उस्ताद म्हणजे ताईचा नवरा. दोघंही याच केंद्रावरची. ते आवाज टिपायचे, ही काचेमागे बसून ते जुळवायची. आवाज टिपणाऱ्या माणसाने जाड रेघांचा, हात हलवला की खसखसणारा कोट घालावा, ही केंद्रावरची जुनी थट्टा होती. ताईने किती वेळा टोकलं असेल. "अहो, तो कोट तरी काढा!" ते हसायचे आणि कोट अंगावरच ठेवायचे. आता ते नव्हते. कोट घरात दारामागे तसाच लटकत होता आणि तो काढायला ताईचा हात धजत नव्हता.

हा डबा भरला तो दिवस तिला लख्ख आठवत होता. जुना मोठा स्टुडिओ पुढे पाडला, त्याआधीची गोष्ट. आत नाटकातली मंडळी उभी होती. कायम राजाचंच काम करणारे, म्हणून ज्यांना सगळे राजेसाहेब म्हणत ते होते. दम्याने बेजार, पण माईकसमोर खोकला गिळून टाकणारी मावशी होती. आणखीही दोघंतिघं होती. उस्तादांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "शांतता." मग ते बोट खाली येईपर्यंत कोणी हलायचं नाही, हा तिथला नियम. शेवटी बोट खाली यायचं आणि ते म्हणायचे, "चला, मोकळे!" दुसरीकडे काय म्हणतात ते ठाऊक नाही, पण उस्तादांचा शब्द तोच. तो ऐकला की खुर्च्या सरकायच्या, मावशी पोटभर खोकून घ्यायची आणि सगळे हसत बाहेर पडायचे. त्यातलं आता एकही माणूस उरलं नव्हतं.

ताईने डबा वर आणला आणि काचेमागच्या खोलीत फीत यंत्रावर चढवली. फीत फार जुनी, फिरता फिरता तिच्यावरचा तपकिरी लेप भुकटी होऊन गळत होता. ही एकदाच चालणार, हे तिला दिसत होतं. तिने ती संगणकात उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि कानांवर हेडफोन चढवले.

"शांतता," उस्ताद म्हणाले.

ताईने पदर तोंडाशी धरला. मग नुसती खोली ऐकू येत राहिली. ती शेवटच्या त्या दोन शब्दांची वाट बघत बसली. पण शब्द आलेच नाहीत. शेवटाकडचा लेप आधीच झडला होता आणि नुसतं कोरं प्लास्टिक चाकावर फटफट आपटत होतं. ताईला रडू आलं. काचेपलीकडून थांबा-साहेब बघतोय म्हणून तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. सुरुवातीचा "शांतता" हा शब्द तिने कापून स्वतःसाठी वेगळा ठेवला. उरलेल्या शांततेचं टोक टोकाला जोडलं, म्हणजे हवी तेवढी फिरत राहील. असं सगळेच करतात.

पहिला भाग गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिक्रियांचा फोन उघडला. श्रोत्यांचे निरोप त्यावर साठून राहत. स्वागतकक्षातल्या वहिनी ते लावत आणि सगळे चहा पीत ऐकत.

एका गृहस्थाने आकाशात दिवा लावायला वात कुठून आणली, असा सवाल केला होता. एका बाईने रेडिओ बंद पडला समजून तो आपटला होता आणि आता दुरुस्तीचं काय, असं विचारत होती. थांबा-साहेब खूश होता. मग एक शिंपी बोलला.

"नाटक झकास आहे. पण मला ती मधली माणसं जास्त आवडली. राखणदार गप्प होतो तेव्हा मागे उभी असतात ना, ती. काहीच बोलत नाहीत. कोण आहेत हो ती?"

पुढच्या निरोपात एक कॉलेजातली मुलगी होती. "आई म्हणते मला भास होतोय. पण त्या शांततेत कोणीतरी खोकला दाबून धरलाय. आमचाच जीव घाबरा होतो. त्यांना पाणी द्या ना."

ताईने कप बशीत ठेवला.

"वा, ताई!" थांबा-साहेब म्हणाला. "काय टाकलंय तुम्ही मागे? मला पत्ता लागू दिला नाहीत!"

"मी काही टाकलेलं नाही," ताई म्हणाली.

ती आत गेली, दार लावलं आणि केंद्रावरचे सगळ्यांत चांगले हेडफोन लावून ती शांतता पुन्हा पुन्हा ऐकली. आवाज चढवला, सगळी बटणं फिरवून पाहिली. खोली होती, नुसती खोली. माणूस म्हणून काही नाही. भीती वाटायला हवी होती, तीही वाटली. पण त्याहून जास्त वाटलं ते वाईट. जन्मभर कानांवर पोट असलेली ती, आणि तिच्या माणसांचा श्वास कोणा परक्या शिंप्याला ऐकू यावा, तिला नाही! हे काय वागणं झालं, असं ती मनातल्या मनात उस्तादांवर रुसली.

पुढच्या भागानंतर फोन वाढले आणि त्यांचा सूर बदलला. नाटकाबद्दल कोणी फारसं बोलेना. जो तो त्या उभ्या माणसांबद्दलच बोलत होता, आणि दबक्या आवाजात, जणू पलीकडच्या खोलीत कोणी झोपलंय. "एक जण पायाचा भार बदलतोय... थकलेत हो ते." "राजासारखा एक माणूस आहे, तो हळूच सुस्कारा टाकतो." "आमच्या आजोबांनी ऐकताना स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, बसा."

वहिनींनी निरोप थांबवला. "ताई, मीही काल घरी ऐकलं," त्या म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. मी पोरांना घेऊन उभीच राहिले. बसवेना."

शेवटचा निरोप एका रुग्णालयातल्या सिस्टरचा होता. वॉर्डात एक निवृत्त शिक्षिका आहेत, दृष्टी गेलेली आहे, त्यांना आवाज जुळवणाऱ्या माणसाशी बोलायचंय, जमेल तर यावं.

ताई दुसऱ्याच दिवशी भेटीच्या वेळेत गेली. वॉर्ड स्वच्छ होता, जंतुनाशकाचा वास नाकात बसत होता. खिडकीपाशीच्या खाटेवर एक किडकिडीत म्हातारी ताठ बसली होती. अख्खा वॉर्ड, सिस्टरसुद्धा, तिला नुसतं "बाई" म्हणत. शिक्षिकेचं ते वजन ताईवरही पडलं. ती खाटेच्या टोकाला संकोचून बसली.

"तूच का ती?" बाईंनी विचारलं. "किती वेळ उभं करणार आहेस त्यांना?"

"मी, बाई?"

"मी जन्मभर पोरांना वर्गात उभं केलंय. चूक केली की उभं राहा. उभ्या माणसाचा आवाज मला कळतो, अगं. बसलेल्याचा वेगळा असतो." बाईंनी उशाशी ठेवलेल्या छोट्या रेडिओवर हात ठेवला. "आणि एकदा मी एका पोराला उभं केलं आणि विसरून गेले. शाळा सुटली, तरी तो उभा. मी 'बस' म्हटलं नव्हतं ना."

बाजूच्या खाटेवरची आजारी मुलगी कूस बदलून इकडे बघू लागली.

"त्यातला एक सगळ्यांच्या पुढे आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याने हात वर धरलाय. मधूनमधून हात थरथरतो... तेव्हा बाही खसखसते. जाड कापड असावं. बाकीचे त्याच्याकडे बघून उभे आहेत. आणि तो... तो कोणाच्या तरी शब्दाची वाट बघतोय."

कोटाची गोष्ट तिने या जगात कोणा श्रोत्याला सांगितली नव्हती.

तिने बाईंना सगळं सांगितलं. फीत, झडलेला लेप, न आलेले ते शब्द. "माझे मालक आहेत ते, बाई. मला ऐकू येत नाहीत. तुम्हाला येतात, शिंप्याला येतात, मला नाही. आणि मोकळे म्हटलं की ते जाणार. मग उरलं काय?"

बाईंनी चाचपडत तिचा हात शोधला. "ते तू ठरव. मी कोण सांगणार?" मग तो हात न सोडता म्हणाल्या, "पण हात दुखतोय गं त्याचा."

घरी येईपर्यंत ताईचं ठरलं होतं, की काही करायचं नाही. राहू देत. निदान कुठे तरी आहेत. तिने भात टाकला आणि स्वयंपाकघरातून तिला दारामागचा कोट दिसला. का कोण जाणे, तिने आपलं बोट वर केलं, उस्ताद करायचे तसं, आणि तशीच उभी राहिली. आधी काही वाटलं नाही. मग खांदा भरून आला. मग दंडाला कळ लागली, बोटं थरथरू लागली. भात लागल्याचा वास आला तेव्हा कुठे तिने हात खाली घेतला, आणि ओट्याला टेकून ती ढसाढसा रडली.

शेवटच्या भागाच्या आधीच्या सुटीच्या दिवशी केंद्रावर थंड हवेचं यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं. नवा स्टुडिओ पहिल्यांदाच गप्प होता. ताई एकटी आत गेली. नुसता शब्द बोलून भागत नाही, शब्दाच्या आधी खोली ऐकू यावी लागते, नाहीतर तो उपरा वाटतो. म्हणून तिने माईक चालू केला, बोट वर केलं आणि म्हणाली, "शांतता." मग ती उभी राहिली. मध्येच गुडघा कटकन वाजला. ती मनात चरफडली, पण हलली नाही. आणि पुरेसं थांबून, हात खाली घेत, जमेल तितक्या उस्तादांच्या थाटात म्हणाली, "चला, मोकळे!"

थांबा-साहेबाने नाक मुरडलं. "ताई, हे कादंबरीत नाही."

"तुमची एवढी शांतता तरी कुठे होती कादंबरीत?" ताई म्हणाली, तेव्हा तो हसला. एकच अट त्याने घातली. त्या शब्दांनंतर, अगदी शेवटी, एक लांबलचक शांतता हवी.

त्या शब्दांनंतर जुनी शांतता ताईला पुन्हा वापरायची नव्हती. त्या माणसांना सोडायचं आणि पुन्हा तिथेच उभं करायचं, हे तिच्याने झालं नसतं. म्हणून तिने नव्या स्टुडिओतली घेतली, ती स्वतः जिच्यात उभी होती, ती. त्यातला "शांतता" कापला, गुडघ्याचं ते कटकनही कापलं. "मोकळे" कापून राखणदाराच्या शेवटच्या प्रश्नापाशी नेलं. राहिलेल्या तुकड्याचं टोक टोकाला जोडून तो शेवटी लावून दिला. वर्षानुवर्षांचं काम, हात आपोआप चालत होते.

शेवटचा भाग तिने घरी, ओट्यावरच्या रेडिओवर ऐकला. राखणदार विचारतो, "कोणी आहे का?" आणि बराच वेळ काही नाही. मग तिचाच आवाज आला, "चला, मोकळे!" आणि मग पुन्हा शांतता. ताईला याही वेळी काही ऐकू आलं नाही. पण तिचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्रियांच्या फोनवर जागा उरली नव्हती.

"तो खोकला आला हो एकदाचा!" शिंपी जवळजवळ ओरडत होता. "अहो, आमच्या दुकानात गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या!" कॉलेजातली मुलगी रडत हसत होती. "खुर्च्या सरकल्या, कोणीतरी राजासारखं खाकरलं, सगळे हसले... आणि दार उघडलं. आई म्हणाली, मलाही ऐकू आलं गं." एका माणसाने नाव-गाव न सांगता फक्त "उपकार झाले" म्हणून फोन ठेवला होता. वहिनी डोळे पुसत होत्या, थांबा-साहेब खिडकीबाहेर बघत उभा होता. ताईला वाटलं, चला, आपल्या हातून एक तरी काम नीट झालं.

इतक्यात वहिनींच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजला. सिस्टरने लावून दिला होता. पलीकडे बाई होत्या.

"सुटले गं सगळे," त्या म्हणाल्या. "छान केलंस. इथे अख्ख्या वॉर्डाने नि:श्वास टाकला."

"आणि... ते? पुढे होते ते?"

"हात खाली घेतला त्याने. आधी खांदा चोळला. मग सगळ्यांना पुढे घातलं आणि स्वतः शेवटी निघाला. दारापर्यंत गेला." बाई थांबल्या. "अगं, एक विचारू? ती बाई कोण?"

"कोणती बाई?"

"शेवटच्या शांततेत आहे ती. एकटीच उभी आहे. तिचा गुडघा वाजतो. थोड्या वेळाने पुन्हा वाजतो... मग पुन्हा. तिला कोणी मोकळं म्हटलेलंच नाही."

"मोकळे" कापून राखणदाराच्या प्रश्नापाशी नेलं तो क्षण तिला आत्ता दिसत होता, स्वतःच्या हातांसकट.

"तो दारात होता ना," बाई फार हळू बोलत होत्या, "त्याला ते ऐकू आलं. दार लोटून घेतलं त्याने आणि परत आला... सावकाश. तिच्या शेजारी येऊन उभा राहिलाय. काही बोलत नाही. तिला बोलावणं येईपर्यंत थांबायची तयारी दिसते त्याची." मग त्या काळजीने म्हणाल्या, "ऐकतेस ना? त्या बाईला सोडव गं लवकर. का ती... का तिला नकोय?"

ताईने फोन ठेवला. वहिनी काही विचारत होत्या, थांबा-साहेबही वळून बघत होता, पण त्यांचे आवाज काचेपलीकडून आल्यासारखे होते. आत जायचं, तो तुकडा काढायचा, टोकाला आपला शब्द जोडायचा. एवढंच काम होतं. तिने पाऊल उचललं आणि गुडघा वाजला.

आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तिला ऐकू आलं. उजव्या कानाशी, अगदी जवळ, जाड रेघांच्या कापडाची बाही खसखसली, कोणी शांततेसाठी बोट वर न्यावं तशी.

ताई उचललेलं पाऊल खाली ठेवून जागच्या जागी स्तब्ध उभी राहिली.